खालची पट्टी

दोरिलेयाकडे नखं रंगवून घ्यायला येणाऱ्या बायकांचे पाय आपोआप हलायला लागले होते आणि नेलपॉलिश नखाबाहेर जात होतं. यात पायांचा दोष नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत दोरिलेयाचं दुकान, मागच्या खोलीत नवऱ्याचा स्टुडिओ, मध्ये प्लायवुडची भिंत. आणि गेला आठवडाभर त्या भिंतीपलीकडून एकच तुणतुणं चालू होतं. चार ठोके वाजायचे, थांबायचे, खुर्ची करकरायची, पुन्हा तेच चार ठोके. पाचवा ठोका ऐकलेला माणूस अख्ख्या ग्वामा भागात सापडला नसता.

"अरे, एकदाचं पुढे तरी जाऊ दे!" पाय पसरून बसलेली एक बाई ओरडली. "शिंक अडकल्यासारखं होतंय मला."

"माफ करा हं, ताई," भिंतीआडून आवाज आला आणि पुन्हा तेच चार ठोके.

हा एलिवाल्दो. सगळे वाल्दो म्हणायचे. वय चाळिशीपलीकडे, धंदा गाणी बनवण्याचा. ब्राझीलच्या बेलेम शहरात हा धंदा करणारे इतके, की रस्त्यात कुणाचा धक्का लागला तर तो निदान कुणा संगीतकाराचा भाऊ तरी निघतो. ही गाणी विकत कुणी घेत नाही. बनवायची आणि फुकट वाटायची: फुटपाथवर सीडी आणि पेनड्राइव्ह विकणाऱ्यांना, आणि मुख्य म्हणजे मोठ्या साउंड सिस्टीमच्या डीजेंना. ज्यांच्याकडे स्पीकरची तिमजली भिंत, दिवे आणि धूर सोडणारी यंत्रं आहेत, अशा चार-दोन घराण्यांनी तुमचं गाणं वाजवलं तर तुम्ही संगीतकार. नाही वाजवलं तर तुम्ही घरी बसून आवाज करणारा नवरा.

वाल्दो बराच काळ दुसऱ्या वर्गात मोडत होता. त्यात त्याचा स्वभाव असा, की एका जागी बसणं त्याला जमायचं नाही. अंडं तव्यावर टाकून तो दुसरीकडेच निघून जायचा. बसमध्ये जागा रिकामी असली तरी उभा राहायचा. स्वतःचं गाणंसुद्धा त्याने कधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. मध्येच काहीतरी खुपायचं आणि माउसकडे हात जायचा.

दोरिलेयाचा मोठा भाऊ आमारो याला हे सगळं कधीच पटलं नव्हतं. आमारोचं कोपऱ्यावर आसाईचं, म्हणजे एका ताडफळाच्या गराचं, दुकान. या शहरात दुपारच्या जेवणाला तळलेला मासा, कसाव्याचा भरड रवा आणि जांभळट आसाईचा वाडगा लागतोच, त्यामुळे ताजा गर तयार असल्याचा लाल बावटा दारावर लावला की आमारोसमोर रांग लागायची. फळांचा गर काढायच्या यंत्रावर उभा राहणारा त्याचा माणूस मध्यंतरी कुणा बाईच्या मागे माकापाला निघून गेला होता, आणि तेव्हापासून आमारोचं बहिणीच्या संसाराकडे फार लक्ष असायचं.

"काय दाजी," तो दारातूनच विचारायचा, "यंत्र तुमच्याकडेही आहे, माझ्याकडेही आहे. फरक एवढाच, की माझ्या यंत्रातून काहीतरी बाहेर पडतं."

शेवटी एका रविवारी जेवताना वाल्दो चिडून बोलून गेला होता: "पोराकेने माझं गाणं घेतलं नाही, तर पुढच्याच सोमवारपासून तुमच्या यंत्रावर उभा राहतो. झालं?"

"झालं," आमारो म्हणाला आणि साक्षीदार म्हणून बहिणीकडे बघितलं. दोरिलेयाने मासा चावता चावता मान हलवली. ती कुणाच्या बाजूने हलवली हे वाल्दोला आजही ठरवता आलेलं नव्हतं.

पोराके म्हणजे नदीतला मासा, ज्याच्या अंगात वीज असते तो. आणि पोराके म्हणजे दोना इरासिल्दा या विधवा बाईंची साउंड सिस्टीम, जिच्यावर त्यांचा मुलगा जुरांदिर हा 'डीजे शॉक' या नावाने उभा असायचा. यंदा दोनांनी (मोठ्या बाईंना इथे 'दोना' म्हणतात) नवीन मंच बांधला होता. स्पीकरच्या भिंतीमागून बसएवढा लांब, निळ्या दिव्यांचा फायबरचा मासा हायड्रॉलिक पंपावर हळूहळू वर येणार, जबडा उघडणार आणि त्या जबड्यात कीबोर्डमागे जुरांदिर उभा असणार. उद्घाटन रविवारी, शहराबाहेर ओढ्याकाठच्या पोहायच्या बागेत. दिवसाउजेडी, कारण रात्रीची परवानगी मिळाली नव्हती. मासा वर येताना वाजायचं गाणं वाल्दोकडे मागितलं होतं. बॅकअप म्हणून आनानिंदेवातल्या ग्लेदसन नावाच्या एका पोरालाही सांगून ठेवलं होतं. ही माहिती दोनांनी वाल्दोला अगदी प्रेमाने दिली होती.

आता अडचण काय होती ते सांगायला हवं.

वाल्दोचा सिंथेसायझर म्हणजे लॅपटॉपमधलं एक सॉफ्टवेअर. ते त्याच्यापर्यंत कोणकोणत्या हातांतून आलं कोण जाणे, पण त्या प्रतीतली सगळी बटणं रशियन लिपीत होती. वाल्दोला रशियनचं एक अक्षर येत नव्हतं. त्याने बटणं कानाने शिकली आणि अक्षरांच्या आकारावरून त्यांना नावं ठेवली. एक 'उलटी खुर्ची', एक 'कुंपण', आणि एक अक्षर सहा पायांच्या किड्यासारखं दिसायचं, तो 'किडा'.

त्यात एक सोय अशी, की तुम्ही कीबोर्डच्या तीन-चार पट्ट्या नुसत्या दाबून धरायच्या, आणि ते सॉफ्टवेअर त्यांचे सूर सुटे करून एकामागोमाग एक, न थकता, पळवत राहणार. याला आर्पेजिएटर म्हणतात आणि बेलेमची निम्मी गाणी यावर चालतात. दुसरी गोष्ट एन्व्हलप: सूर कसा उघडावा, किती वेळात भरावा आणि कसा विझावा याचा आखून दिलेला चढउतार. 'किडा' या बटणाकडे फक्त एक निर्णय होता. हा चढउतार प्रत्येक सुराला पहिल्यापासून लागू करायचा, की पहिली पट्टी दाबली तेव्हा एकदाच सुरू करून बाकीच्या सुरांनी तोच पुढे नेत राहायचा? किडा वर केला, तर प्रत्येक सूर टाचणीसारखा टक्क वाजायचा. पण सगळे सारखेच, आणि गाणं जागच्या जागी धावत राहायचं. किडा खाली केला, तर आवाज हळूहळू उघडत माशाबरोबर वर चढायचा. पण सुरांचा लगदा व्हायचा. टक्क असेल तर चढ नाही आणि चढ असेल तर टक्क नाही. आठवडाभर वाल्दो किडा वर करत होता आणि खाली करत होता.

त्याने हे दोरिलेयाला समजावून सांगितलं. तिने ब्रश बाटलीत बुडवत शांतपणे ऐकलं.

"म्हणजे आपली भांडणं," ती म्हणाली.

"यात भांडणं कुठून आली?"

"तुझं प्रत्येक भांडण पहिल्यापासून सुरू होतं. टक्क, टक्क, टक्क. माझं लग्नापासून एकच चालू आहे. ते हळूहळू चढतंय."

खुर्चीतलं गिऱ्हाईक इतकं हसलं, की अंगठा पुन्हा पुसावा लागला. वाल्दो मात्र तसाच मागे पळाला. दोन्ही भांडणं एकाच घरात एकाच वेळी चालू शकतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ते सॉफ्टवेअरलाही जमत असेल का, एवढंच बघायचं होतं. एन्व्हलप दोन असतात. एक आवाजाच्या जोराचा, दुसरा आवाजाच्या धारेचा, म्हणजे तो बोथट वाजावा की उजळ याचा. जोराच्या एन्व्हलपखाली किडा होता. धारेच्या एन्व्हलपची खिडकी एवढी लहान होती, की ती ताणून मोठी करायचं त्याला आजवर सुचलं नव्हतं. त्याने ती ताणली. कोपऱ्यात दुसरा किडा बसला होता.

पहिला किडा वर, दुसरा खाली. त्याने तीन पट्ट्या धरल्या. सूर टाचणीसारखे टोचत होते आणि त्यांच्यामागे काहीतरी दार उघडल्यासारखं उजळत, चढत, भरत चाललं होतं. पाचवा ठोका गेला, दहावा गेला. पुढच्या खोलीत बोलणं थांबलं.

"आता कसं!" शिंक अडकलेली बाई म्हणाली.

दोना इरासिल्दांनी ते फोनवर ऐकलं आणि एकच वाक्य बोलल्या: "घेऊन ये, पोरा."

*

तालीम पोराकेच्या शेडमध्ये होती, नदीच्या धक्क्यापाशी. दोना प्लास्टिकच्या खुर्चीत आंब्याची कोय चोखत बसल्या होत्या. जुरांदिर गॉगल लावून कीबोर्डसमोर उभा राहिला. पंप घरघरला, मासा हलला.

"तिन्ही सूर या एकाच पट्टीवर बसवलेत. ही धरून ठेव, भाऊ," वाल्दोने सांगितलं. "मासा वर पोचेपर्यंत सोडायची नाही."

जुरांदिरने धरली. आवाज उघडायला लागला. मासा माणसाएवढा वर आला असेल-नसेल, आवाज एकदम खाली आपटला आणि पुन्हा तळापासून निघाला. थोड्या वेळाने पुन्हा आपटला. पुन्हा. मासा छताला टेकला तेव्हा गाण्याची अवस्था घशात कफ अडकलेल्या माणसासारखी होती.

"पट्टी सोडलीस तू."

"सोडली कुठे? खूण केली."

पोराकेच्या चाहत्यांची खूण म्हणजे दोन्ही तळवे जुळवून, झटका बसल्यासारखे थरथरवत डोक्यावर न्यायचे. जुरांदिरचे हात ती खूण झोपेतही करायचे.

"नंतर कर खूण."

"नंतर? मासा वर येतोय, सगळी पब्लिक हात वर करणार, आणि मी काय खाली बघत टायपिंग करत बसू? मी डीजे आहे का पोस्टातला क्लार्क?" असं म्हणत त्याने तालावर पट्टीला तीन ठोसे दिले, आणि प्रत्येक ठोशाला गाणं पुन्हा जन्माला आलं.

"ठोसे तरी नको मारूस!"

"आई, बघ ना, हा मला वाजवायला शिकवतोय."

दोनांनी कोय बाजूला ठेवली. "मासा वर गेला, गाणं खालीच राहिलं," त्या म्हणाल्या. "ग्लेदसनचं म्हणे कुठेही बोट लावलं तरी वाजतं."

वाल्दोचा पाय जमिनीवर टपटपायला लागला. "दोना, मी रेकॉर्ड करून देतो. याने नुसतं बोट ठेवल्यासारखं करायचं."

शेडमध्ये वायरी गुंडाळणारे सुद्धा थांबले. मागच्या मोसमात दुसऱ्या एका मोठ्या सिस्टीमचा डीजे असाच उघडा पडला होता: त्याचे दोन्ही हात हवेत आणि गाणं जोरात चालू. कुणीतरी मोबाईलवर टिपलं. तेव्हापासून त्याला शहरभर 'भुताचं बोट' म्हणत. दोनांनी त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की पोराकेत बोट जिवंत असेल. कीबोर्डवर कॅमेरा लावला होता आणि ते बोट मोठ्या पडद्यावर दिसणार होतं.

"रेकॉर्ड हा शब्द माझ्या शेडमध्ये नको," दोना म्हणाल्या. "शनिवारी सकाळी पुन्हा ये. तेव्हा नाही जमलं, तर तू मोकळा."

'मोकळा' या शब्दात वाल्दोला आसाईच्या बिया खडखडताना ऐकू आल्या.

घरी येताना तो नेहमीसारखा बसमध्ये उभा होता. जुरांदिरचे हात बांधता आले नसते. पट्टीत काडी खोचावी म्हटलं, तर स्पीकर एकदा घुमायला लागले की खिळेसुद्धा सैल होतात. आणि काहीही खोचलं तरी जुरांदिर वरून ठोसा मारणारच. घरात शिरला तर दारातच आमारो उभा. हातात कोरा पांढरा रबरी एप्रन.

"मापाचा आहे का बघा दाजी. घाई नाही. सोमवारी घातला तरी चालेल."

"ठेवा तिथे."

"टोपी पण आणलीय. केस पडू नयेत म्हणून. तुमचे फार नाहीत, पण नियम आहे."

दोरिलेया एका अस्वस्थ पोरीची नखं करत होती. पोरीला फोन आला होता आणि ती दर वाक्याला हात उडवत होती. दोरिलेयाने तिची करंगळी आपल्या दोन बोटांत पक्की धरली.

"हे एक माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "बाकीची हवी तशी नाचव. एक हातात असलं म्हणजे हात कुठे जात नाही."

वाल्दो एप्रनवर पाय देऊन मागच्या खोलीत गेला.

दुसऱ्या किड्याला एवढंच कळत होतं: एकही पट्टी दाबलेली नसताना नवी दाबली गेली, तर चढ पहिल्यापासून. पण कुठली तरी एक पट्टी आधीपासून दाबलेली असेल, तर वर कुणी कितीही ठोसे मारो, चढ चालूच. म्हणजे जुरांदिरला दिसणार नाही असा दुसरा छोटा कीबोर्ड त्याच लॅपटॉपला जोडायचा आणि त्यावरची सगळ्यात खालची एक पट्टी मासा निघाल्यापासून पोचेपर्यंत कुणीतरी दाबून धरायची. वर जुरांदिरने खुणा कराव्यात, ठोसे मारावेत, लग्न करावं. त्याने डाव्या हाताने खालची पट्टी धरली आणि उजव्याने जुरांदिरपेक्षा वाईट ठोसे मारून बघितलं. चढ ढळला नाही.

शनिवारी शेडमध्ये हे दाखवलं तेव्हा दोनांनी खुर्ची पुढे ओढून दोन्ही कीबोर्ड बघितले.

"म्हणजे बोटं दोन."

"हो, दोना. पण दोन्ही जिवंत."

"किती बोटं हे मी बोलले नव्हते," दोना म्हणाल्या. "जिवंत एवढंच बोलले होते. पण ऐक. उद्या हे जमलं, तर पोराकेची सगळी गाणी तुझी. मध्येच आपटलं, तर दुसरं गाणं ग्लेदसनचं लागेल आणि तिसरंही. आणि ते खालचं बोट कुणाचं?"

ते कुणा परक्याचं असणं शक्य नव्हतं. रात्री जेवताना हे ऐकून दोरिलेयाने चमचा खाली ठेवला.

"तू?" ती म्हणाली. "न हलता?" आणि मग तिला हसू आवरेना, तिने डोळे पुसले, पाणी प्यायलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा हसली. वाल्दो उठून भांडी घासायला लागला. अजून कुणाचंच जेवून झालेलं नव्हतं.

*

रविवारी दुपारी ओढ्याकाठची बाग माणसांनी फुलली होती. मंचाखाली लोखंडी खांबांच्या मधोमध गवतावर एक पालथा क्रेट, त्यावर छोटा कीबोर्ड, आणि समोर वाल्दो मांडी घालून. वर लाकडी फळ्या, चारी बाजूंनी काळं कापड. त्याला बाहेरचं काही दिसत नव्हतं. मासा निघाला की पंप घरघरेल, तेव्हा दाबायचं, एवढं ठरलं होतं.

त्याने बूड सरकवलं. पुन्हा सरकवलं. अंगठा पट्टीवर ठेवून बघितला, काढला, पँटला पुसला. डाव्या हाताचा बरा की उजव्या? हे आधी ठरवायला हवं होतं.

पंप घरघरला. वाल्दोने अंगठा दाबला.

वरून जुरांदिरचा पहिला ठोसा पडला आणि सूर सुटले. टाचण्यांची रांग धावत निघाली आणि त्यांच्यामागून आवाज उघडायला लागला. ठोसा पडला, ढळला नाही. मग ठोसे थांबले. म्हणजे हात वर गेले, खूण चालू आहे. खालच्या पट्टीचा एकच सूर ठक्‌ ठक्‌ करत एकटा चढत राहिला. पुन्हा ठोसा, पुन्हा सगळे सूर धावले, चढ तिथूनच पुढे. फळ्या थरथरायला लागल्या. वाल्दोच्या मानेवरचे केस उभे राहिले.

मग त्याला कळलं, की क्रेट मुंग्यांच्या वारुळावर ठेवलेला आहे.

या भागातल्या लाल मुंग्या आधी चढतात, जागा निवडतात आणि मग बेत केल्यासारख्या एकदम चावतात. पहिल्या घोट्याला चावल्या. वाल्दोच्या तोंडून जे निघालं ते स्पीकरने गिळलं. त्याने दुसऱ्या हाताने पाय झटकायचा प्रयत्न केला, तर क्रेट डुगडुगला. हात मागे घेतला. मुंग्या पोटरीवर आल्या. आयुष्यात विनाकारण इतका हललेला हा माणूस, आणि आता कारण होतं तर हलायची सोय नव्हती.

तेवढ्यात पंपाची घरघर थांबली.

मासा पोचला? इतक्या लवकर? तालमीत याहून वेळ लागला होता. वरून हातोड्याचे आवाज आले, कुणीतरी कुणाच्या तरी आईचा उद्धार केला. अडकला होता. आवाज मात्र पूर्ण चढून शिखरावर जाऊन बसला होता आणि अंगठा आहे तोवर तिथून उतरणार नव्हता. जुरांदिरला काय करावं सुचत नसावं, कारण तो माइकवर चाहत्यांच्या मंडळांची नावं घ्यायला लागला. जुरुनासची मंडळी! टेरा फिर्मेच्या पोरी! नावामागून नाव, आणि प्रत्येक नावाला तेवढ्या कोपऱ्यातून किंकाळी. त्याने नखंवाल्या दोरिलेयाचंसुद्धा नाव घेतलं. गाणं बनवणाऱ्याचं घेतलं नाही. वाल्दोने दात आवळले. अंगठा बधिर होत चालला होता. तो दाबलेला आहे की नुसता ठेवलेला, हे आता फक्त कानांनी कळत होतं.

पंप पुन्हा घरघरला. मग थांबला. मग लोकांचा असा आवाज आला, की काळं कापड आत फुगलं.

आता काय? तालमीत सगळं बोलणं पट्टी धरण्याबद्दल झालं होतं. सोडायची कधी, हे कुणीच बोललं नव्हतं.

कापड वर झालं आणि आत आमारोचं डोकं आलं. तो गुडघ्यांवर रांगत आला. अंगात रविवारचा इस्त्रीचा शर्ट.

"दाजी, सोडा आता," तो कानाशी ओरडला. "पोचला मासा. जबडा पण उघडला."

वाल्दोने त्याच्याकडे बघितलं. जगात या क्षणी त्याने पट्टी सोडावी असं वाटणारा एकच माणूस होता, आणि तोच सांगायला आला होता.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? डोळ्यांनी बघून आलोय!"

"मग लोक अजून का ओरडतायत?"

"आवडलं म्हणून ओरडतायत! माझ्या आईची शपथ, दाजी!"

"तुमची आई म्हणजे माझी सासू," वाल्दो म्हणाला. "दुसऱ्या कुणाची घ्या."

आमारो क्रेटशेजारी मटकन बसला. "तुम्हाला काय वाटतं, मी इतका हलकट आहे?"

तो हलकट आहे की नाही हे एरवी शांतपणे ठरवता आलं असतं. पण मुंग्या मांडीवर होत्या. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःला बघायचं होतं. आठवडाभर ज्याच्यासाठी किडे वर-खाली केले, तो मासा वर गेलेला त्याला एकदा बघायचा होता.

"तुम्ही धरा," तो म्हणाला. "मी बघून येतो."

"मी?"

"बोट आहे ना? आधी तुमचं दाबा, मग मी माझं काढतो. मध्ये फट पडली तर सगळं खाली येईल."

आमारोने आसाईने जांभळं पडलेलं जाडजूड बोट पुढे केलं. वाल्दोच्या पट्टीवर वाल्दोचा अंगठा होता, म्हणून त्याने शेजारची काळी पट्टी दाबली. वाल्दो "ती नाही" म्हणणार होता. पण आता बदलायचं म्हणजे फट. त्याने श्वास धरून अंगठा उचलला. चढ ढळला नाही. फक्त खालचा सूर बदलला: आत्तापर्यंत समजूतदारपणे पायाशी बसलेला सूर एकदम शेजारच्या घरात शिरला, आणि त्या गोड, गुळगुळीत धावण्याखाली काहीतरी काळं, वाकडं सरकायला लागलं.

वाल्दो मांड्या चोळत कापडाबाहेर पडला.

आमारो खरं बोलत होता. मासा आकाशात उभा होता, दुपारच्या उन्हात त्याचे निळे दिवे फिके दिसत होते, एका बाजूला तो थोडा कललेलाही होता, आणि जबड्यात जुरांदिर हात जोडून थरथरत होता. ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसंसुद्धा तळवे जुळवून थरथरत होती. खालचा सूर बदलला तो क्षण त्यांच्या अंगातून जाताना वाल्दोने बघितला: आधी मान, मग खांदे, आणि मग आतापर्यंत नुसते ओरडणारे लोक ओरडायचे थांबून नाचायला लागले.

दोना इरासिल्दा मंचाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी त्याला बोलावलं.

"तो खालचा सूर तू मुद्दाम बदललास?"

वाल्दोच्या मनात आलं, हो म्हणावं. तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सोपा हो झाला असता. "मेव्हण्याने," तो म्हणाला. "चुकून. चुकीची पट्टी आहे ती, दोना."

"असू दे चुकीची. गाणी तुझी, ठरल्याप्रमाणे. पण दर रविवारी असंच पाहिजे. आधी तुझं बोट, मग त्याचं. तोच सूर, तोच माणूस."

"त्याचं दुकान आहे, दोना. आज बंद ठेवलंय, पण रविवारी फार गर्दी असते."

"त्याला सांग, दुसरा माणूस बघ म्हणावं दुकानाला."

वाल्दो तिथेच उभा राहिला. गाणं चालू होतं. त्याला एक जागा जराशी खुपली आणि हात खिशाकडे गेला. पण तिथे माउस नव्हता, बंद करायला काहीच नव्हतं. गाणं खुपणाऱ्या जागेवरून पुढे गेलं, मग आणखी पुढे, जिथवर त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं. ते बरंच लांब होतं.

मंचाखालचं काळं कापड आतून हिसके खायला लागलं.

"दाजी!" आमारोची हाक आली. "दाजी, इथे मुंग्या आहेत! सोडू का? अहो, सोडू का हे?"

वाल्दोला ती ऐकू आली नाही, असं म्हणता येणार नाही.